‘हायपो’ की ‘हायपर’? : लहान उपसर्ग, मोठा अर्थ

आम्हां डॉक्टरांची परिभाषा इंग्रजी म्हणवते. परंतु तिचे बहुतेक उपसर्ग ग्रीक व लॅटिन भाषांतून आलेले आहेत. त्यांतील काही जुळ्या भावंडांसारखे दिसतात. अर्थाने मात्र जाम नदीकाठच्या पांढुर्णा-सावरगावासारखे समोरासमोर उभे असतात!

‘हायपो’ म्हणजे खाली, कमी. ‘हायपर’ म्हणजे वर, अधिक. काही वर्षांपूर्वी जुलाबाने क्षीण झालेल्या एका बाळाचा रक्ततपासणीचा अहवाल मला दूरध्वनीवरून कळविण्यात आला. मी ऐकले, ‘हायपरनेट्रेमिया’, म्हणजे रक्तात सोडियम जास्त. मनाची खात्री पटेना, म्हणून आकडा विचारला. तो होता ११८! सामान्य पातळी १३५ ते १४५. मूळ शब्द ‘हायपोनेट्रेमिया’ होता. दोन्ही विकारांत बाळ सुस्त होते, दोहोंत झटके येऊ शकतात. उपचार मात्र भिन्न. सोडियम कमी होऊन झटके आल्यास जे तीव्र सलाईन जीव वाचवते, तेच सोडियम वाढलेल्या बाळाच्या जिवावर बेतू शकते.

दुसरी जोडी ‘अँटी’ची. ‘अँटीनेटल’मधील लॅटिन उपसर्गाचा अर्थ ‘पूर्वी’, तर ‘अँटिबायोटिक’मधील ग्रीक उपसर्गाचा अर्थ ‘विरुद्ध’. रोमन लिपीत एका स्वराचा भेद दिसतो. बोलताना तोही पुसला जातो. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळ येथे एम.बी.बी.एस.च्या प्रथम वर्षाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली. त्यांतही अनेक इंग्रजी संज्ञा देवनागरीत तशाच ठेवल्या आहेत. म्हणून उपसर्गांचे अर्थ मातृभाषेतून समजून घेणे आपल्या विद्यार्थ्यांना अधिकच अगत्याचे आहे.

आणि ते अवघड नाही. ग्रीक ‘हायपर’ व संस्कृत ‘उपरि’ हे एकाच कुळातील शब्द. त्या ‘उपरि’पासूनच आपला ‘वर’ आला. ‘हायपो’चे नाते ‘उप’शी आहे. ‘हायपर’ आणि ‘वर’ यांच्या शेवटी ‘र’ आहे, एवढे स्मरणात ठेवले तरी गोंधळ टळेल.

व्यवसायबंधूंना विनंती एवढीच, की दूरध्वनीवर केवळ संज्ञेवर विसंबू नये. आकडा विचारावा आणि तो पुन्हा म्हणून दाखवावा. पालकांनीही संकोच न करता विचारावे, “डॉक्टरसाहेब, कमी आहे की जास्त?” हा साधा मराठी प्रश्न कधी कधी एखाद्या बाळाचे प्राण वाचवू शकतो.