नवी रीड लगेच स्टेजवर नेऊ नका!

हेडफोन लावलेत ना? आजचा एपिसोड क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांसाठी.

आधी माझी फजिती सांगतो. पहिल्याच कार्यक्रमाला मी खोक्यातून कोरी करकरीत रीड काढली आणि लावली. पहिलं गाणं ठीक गेलं, तिसऱ्याला भर तानेत 'चीं'! वाद्याचा दोष नव्हता, घाई माझी होती.

असं का होतं? रीड म्हणजे अरुंडो डोनॅक्स नावाच्या, बांबूसारख्या दिसणाऱ्या गवताची पट्टी. टोकाशी जाडी जेमतेम ०.१ मिलिमीटर. ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. या ओल-सुकीची सवय व्हायला तिला काही दिवस लागतात.

म्हणून एकदम ३-४ रीड तयार करायला घ्या. मागच्या बाजूला पेन्सिलीने नंबर टाका. पहिल्या दिवशी एक-दोन मिनिटं पाण्यात भिजवा आणि फक्त ५ मिनिटं वाजवा. मधल्या सप्तकात, हळू. मग पुसून सपाट काचेवर ठेवा. रोज थोडा थोडा वेळ वाढवा. आठवड्याभरात कळतं, कोणती रीड कामाची.

आता दुरुस्ती. आधी मागची बाजू काचेवर ठेवून बघा. डुगडुगते? मग काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून तिची पाठ हलक्या हाताने घासा. पुढे, माउथपीस ओठात किंचित डावीकडे, मग उजवीकडे फिरवून वाजवा. एका वेळी एकच कड मोकळी राहते. जी कड मोकळी असताना आवाज कोंडतो, ती जाड. तिथेच दोन-तीन हात मारा आणि परत वाजवून बघा. मधला भाग आणि अगदी टोक मात्र सोडा. घासलेलं परत चिकटवता येत नाही, भावांनो!

आणि घासण्याआधी एक फुकटचा उपाय: रीड जड वाटली तर केसभर खाली सरकवा, मऊ वाटली तर केसभर वर. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

पावसाळ्यात ओली रीड बंद डबीत कोंबू नका, बुरशी धरते. आणि कार्यक्रमाला जाताना खिशात दोन तयार रीड हव्यातच. तिसऱ्या गाण्याला माझी आठवण येऊ नये, एवढंच!

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.