जरा थांब ना!

डेडलाइन आली की आपण कुठे थांबतो? अंगात ताप असला तरी एक गोळी घ्यायची आणि लॅपटॉप उघडायचा. आपल्या पेशी मात्र या बाबतीत आपल्यापेक्षा शहाण्या. डीएनए बिघडलाय असं कळलं की त्या सरळ काम बंद करतात. आधी दुरुस्ती, मग विभाजन!

एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आधी डीएनएची अख्खी कॉपी काढावी लागते. माणसाच्या पेशीत हा मजकूर जवळपास ६०० कोटी अक्षरांचा! ऊन, सिगरेटचा धूर, एक्स-रे आणि पेशीच्या आतल्याच रासायनिक उलाढाली यांमुळे त्यात सतत मोडतोड चालू असते. फाटक्या ओरिजिनलची झेरॉक्स काढली तर चूक पुढच्या प्रत्येक पेशीत जाणार. म्हणून थांबायचं.

हे थांबणं किती मोलाचं, ते १९८८मध्ये सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधल्या टेड वाइनर्ट आणि लीलंड हार्टवेल यांनी दाखवलं. प्रयोगासाठी घेतलं ते पावात आणि बिअरमध्ये वापरतात तेच यीस्ट. त्यावर त्यांनी एक्स-रे सोडले. नॉर्मल पेशी विभागता विभागता मधेच थबकल्या, डीएनए सांधला आणि मगच पुढे गेल्या. पण 'रॅड-९' नावाचं जनुक बिघडलेल्या पेशी थांबल्याच नाहीत. तुटक्या डीएनएसकट धडाधड विभागत राहिल्या आणि मेल्या.

मला सॉलिड आवडला तो पुढचा भाग. या दोघांनी त्याच बिघडलेल्या पेशींना एक्स-रेनंतर विभाजन अडवणारं औषध दिलं आणि काही तास जबरदस्तीने थांबवून ठेवलं. आणि काय, आधीपेक्षा कितीतरी जास्त पेशी वाचल्या! म्हणजे दुरुस्तीची हत्यारं त्यांच्याकडे होतीच. नव्हती ती फक्त सवड. अशा थांब्यांना 'चेकपॉइंट' हे नाव पडलं. पेशीचक्रावरच्या कामासाठी २००१मध्ये हार्टवेल यांना टिम हंट आणि पॉल नर्स यांच्यासोबत नोबेल मिळालं.

आपल्या शरीरातली सिस्टिमही अशीच. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की 'एटीएम' नावाचं प्रोटीन (पैसेवालं नव्हे!) बोंब ठोकतं. एरवी 'पी-५३' हे प्रोटीन तयार झालं की लगेच मोडीत निघतं, पण ही बोंब ऐकू आली की ते पेशीत साठू लागतं. ते 'पी-२१' नावाचं आणखी एक प्रोटीन बनवायला लावतं आणि पी-२१ विभाजनाच्या इंजिनाला करकचून ब्रेक लावतं. रिपेअर झालं तर गाडी पुढे. नुकसान फारच असेल तर पेशी कायमची रिटायर होते, नाहीतर चक्क स्वतःला संपवते. माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये या पी-५३चं जनुकच बिघडलेलं सापडतं. ब्रेकच गेला म्हटल्यावर काय होणार?

हे सगळं मी वाचत बसले ते मावशीमुळे. ब्रेस्ट कॅन्सरसाठी तिला रेडिएशन घ्यावं लागलं. सोमवार ते शुक्रवार रोज काही मिनिटं, असं कित्येक आठवडे. 'एकदाच काय तो डोस देऊन मोकळं का करत नाहीत गं?' ती वैतागून म्हणायची. कारण असं, की रेडिएशनचं काम डीएनए तोडणं आणि त्याचा मार आसपासच्या निरोगी पेशींनाही बसतो. रोज थोडाथोडा डोस दिला की मधल्या वेळात त्या स्वतःला सावरतात. कॅन्सरच्या बऱ्याच पेशींना ते तितकंसं जमत नाही. हे सांगितल्यावर मावशी क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, 'म्हणजे हा मधला वेळ माझ्या चांगल्या पेशींचा!' त्यानंतर तिने एकही दिवस कुरकुर केली नाही.

आता संशोधक याच्या पुढे गेलेत. पी-५३ गमावलेल्या कॅन्सरच्या पेशी उरलेल्या चेकपॉइंटवर जास्तच विसंबून असतात. तोही थांबा काढून घेणाऱ्या औषधांच्या चाचण्या रुग्णांवर चालू आहेत. सिॲटलच्या त्या यीस्टसारखं त्यांना तुटक्या डीएनएसकट पळायला लावायचं. आपल्या पेशींना सवड द्यायची, कॅन्सरच्या पेशींना द्यायची नाही. फंडा एवढाच!