तिसऱ्या, कालवांच्या पोटात प्लास्टिक जातं कसं? जाणून घ्या

खाडीकाठच्या घरांना तिसऱ्यांचं सुकं, कालवांची आमटी काही नवीन नाही. ओहोटीला चिखलातून तिसऱ्या वेचणाऱ्या आणि खडकावरची कालवं फोडणाऱ्या कितीतरी बायकांचं घर त्यावर चालतं. पण हे जीव ज्या पाण्यावर जगतात, त्यातच आता प्लास्टिकचा चुरा मिसळलाय.

तिसरी भक्ष्यामागे धावत नाही. चिखलात बसून ती नळीसारख्या अवयवाने पाणी आत ओढते, कल्ल्यांवर बारीक शेवाळ अडकवते आणि उरलेलं पाणी बाहेर सोडते. कालवाचंही तसंच, फक्त त्याला नळी नसते. एक मोठं कालव तासाला काही लिटर पाणी गाळतं. नको असलेली माती चिकट स्रावात गुंडाळून बाहेर टाकायची सोय त्यांच्याकडे असते. प्लास्टिकचे बरेचसे कण असेच बाहेर पडतात. मात्र शेवाळाएवढे बारीक कण पोटात जातात.

5 मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. उन्हाने तडकलेल्या पिशव्या, धुतलेल्या पॉलिस्टरच्या साड्या आणि, आपल्याला आवडो न आवडो, झिजलेली नायलॉनची जाळी यांतून ते येतं. पावसाळ्यात नद्या वरचा कचरा खाडीत आणतात. कधी समुद्रातूनही येतं: मे 2025 मध्ये केरळजवळ एमएससी एल्सा 3 हे जहाज बुडालं, तेव्हा प्लास्टिकचे दाणे तिथल्या किनाऱ्यावर पसरले होते.

ही गोष्ट फक्त शिंपल्यांची नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाजवळच्या निळ्या देवमाशांवरचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. एक देवमासा दिवसाला 1 कोटीपर्यंत कण गिळत असावा, असा त्यात अंदाज आहे. तेही बहुतेक पाण्यातून नाही, तर आधीच प्लास्टिक खाल्लेल्या कोळंबीसारख्या बारीक जीवांमधून!

मग तिसऱ्या खायच्या की नाही? मोठ्या मासळीचं पोट आपण साफ करून टाकतो, तिसरी मात्र पोटासकट खातो. फरक एवढाच. हे खाऊन माणूस आजारी पडतो, असा ठोस पुरावा अजून नाही, त्यामुळे घाबरवणाऱ्या व्हॉट्सअॅप मेसेजवर जाऊ नका. उकळल्याने जंतू मरतात, प्लास्टिक जात नाही. रेव निघावी म्हणून जिवंत तिसऱ्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवतात ना, त्यात थोडे कणही निघतात, सगळे नाही. आणि फाटलेल्या जाळ्याचे तुकडे होडीतून पाण्यात न टाकता काठावर आणले, तर तेवढा चुरा खाडीत कमी होईल.