निर्दोष सुटूनही दावा का हरतो?

फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटलेल्या माणसाला वाटतं, अवघड भाग संपला; आता खोटी फिर्याद करणाऱ्याकडून भरपाई वसूल करायची एवढंच उरलं. मग तो दिवाणी न्यायालयात दावा लावतो. वकिलाची फी परवडत नाही, किंवा खटल्याच्या वर्षांत वकिलांवरचा विश्वासच उडालेला असतो, म्हणून स्वतःच उभा राहतो. हरतो, अपिलात जातो, तिथेही हरतो. आपलं कोणी ऐकूनच घेतलं नाही, ही त्याची तक्रार असते. माझ्या मते त्याचं ऐकलेलं असतं. मात्र कायदा जे विचारतो त्याचं उत्तर त्याच्या सांगण्यात नसतं.

द्वेषापोटी खटला भरल्याबद्दल नुकसानभरपाई मागणाऱ्याला चार गोष्टी शाबीत कराव्या लागतात: खटला प्रतिवादीने चालवला किंवा चालवायला लावला, तो वादीच्या बाजूने संपला, त्याला वाजवी व संभाव्य कारण नव्हतं आणि हेतू दुष्ट होता. निर्दोष मुक्ततेचा निकाल यातली दुसरी गोष्ट तेवढी सिद्ध करतो. उरलेल्यांसाठी दिवाणी न्यायालय पुरावा नव्याने तपासतं. हा कायदा आपल्याकडे आला इंग्लंडमधून, आणि तिथलाच एक जुना खटला हे स्पष्ट करतो. संडरलंडच्या डॉ. ॲब्राथ यांनी रेल्वे अपघातातल्या एका रुग्णावर उपचार केले होते. कंपनीने त्या रुग्णाला भरपाई दिली. पुढे दुखापत बनावट असल्याचा संशय येऊन तिने डॉक्टरांवरच कटाचा खटला भरला. ते निर्दोष सुटले आणि त्यांनी नॉर्थ ईस्टर्न रेल्वेवर दावा केला. ज्युरीचं मत पडलं की कंपनीने आधी पुरेशी चौकशी केली होती आणि आरोपावर तिचा प्रामाणिक विश्वास होता. 1883 मध्ये अपील न्यायालयाने आणि 1886 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल डॉक्टरांच्या विरोधातच ठेवला. कंपनीने पुरेशी काळजी घेतली नाही हे दाखवायचं काम डॉक्टरांचंच, असं ठरलं. म्हणजे आरोपी निर्दोष आणि फिर्यादी प्रामाणिक, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. ज्याची अब्रू गेली त्याला हे पचणं जवळजवळ अशक्य, आणि त्यात त्याचा दोष नाही.

दुसऱ्याच्या मनातलं कसं सिद्ध करायचं, हा आक्षेप रास्त आहे. पण मनातलं बाहेर कुठेतरी उमटतंच: बांधावरून आधी दिलेली धमकी, फिर्यादीच्या हातात असलेली पण पोलिसांपासून लपवलेली पावती, उलटतपासणीत निसटलेली कबुली. 1908 मध्येच प्रिव्ही कौन्सिलने गया प्रसाद प्रकरणात म्हटलं होतं की पोलिसांना जाणूनबुजून खोटी माहिती देणारा, खोटे साक्षीदार उभे करणारा माणूस खटला पोलिसांनी चालवला म्हणून सुटत नाही. दार बंद नाही, अरुंद आहे. ते अरुंदच असावं, असं मला वाटतं. प्रत्येक निर्दोष मुक्ततेबरोबर फिर्यादीवर भरपाईचा बोजा येऊ लागला, तर नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन निघालेली बाई पोलीस ठाण्याच्या दारातूनच परत फिरेल.

स्वतःची बाजू स्वतः मांडण्याचा हक्क दिवाणी प्रक्रिया संहितेने दिलेला आहे, आणि वकील नसलेल्या पक्षकाराला न्यायाधीश पुष्कळदा सांभाळूनही घेतात. मात्र अपील म्हणजे कहाणी पुन्हा सांगण्याची संधी नव्हे. पहिलं अपील खालच्या कोर्टातल्या पुराव्यावर चालतं. राहून गेलेला कागद तिथे दाखल करायला आदेश 41, नियम 27 च्या कडक अटी आहेत. दुसऱ्या अपिलात, कलम 100 खाली, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच सुनावणी. त्याही आधी मुदतीचा फास आहे: दावा निर्दोष मुक्ततेपासून एका वर्षात लावावा लागतो. वकील असूनही असे दावे पडतात, हे खरं. पण वकिलाचा खरा उपयोग शेवटच्या युक्तिवादात नाही, सुरुवातीला आहे. कोणता साक्षीदार बोलवायचा, कोणता कागद मागवायचा, हे तेव्हाच ठरतं. दंडाधिकाऱ्यांसमोरच्या काही खटल्यांत, आरोपाला वाजवी आधार नसेल तर, फिर्यादीकडून तिथेच भरपाई मिळण्याची तरतूद आहे, हेही तो सांगतो. आणि हा दावा लावूच नका, असंही.

नेमका हा सल्ला गरिबाला मिळत नाही. मोफत विधी साहाय्य न मिळणाऱ्या प्रकरणांच्या यादीत अनेक ठिकाणी बदनामीच्या शेजारीच द्वेषमूलक खटल्याचे दावेही ठेवलेले आहेत. विधी आयोगाने 2018 च्या 277 व्या अहवालात चुकीच्या खटल्यांसाठी विशेष न्यायालयं आणि सरकारकडून भरपाई सुचवली, पण त्या शिफारशीचा रोख पोलीस आणि सरकारी यंत्रणेच्या गैरवर्तनावर आहे. भाऊबंदाने वैरातून केलेल्या फिर्यादीवर नाही. द्वेषमूलक खटल्याच्या दाव्यांना मोफत साहाय्य खुलं केलं तर सरकारी खर्चाने सूडाचे दावे वाढतील, अशी भीती कोणी घालेल. पण 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात साहाय्य देण्याआधी प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे का, हे पाहायची अट आहेच. सूडाचा दावा त्या चाळणीतच अडकेल, आणि तथ्य असलेल्या दाव्याचे कागद वेळेत कोर्टात पोचतील.