मेण करावे आणि मोडावे

गाडीला इंधन हवे असताना मुद्दाम मेण तयार करावयाचे आणि ते हाती येताच लगोलग मोडून काढावयाचे, हा खटाटोप प्रथमदर्शनी अव्यापारेषु व्यापार वाटला तर नवल नाही. परंतु 1925 च्या सुमारास जर्मनीत म्युल्हाइम येथील कोळसा-संशोधन संस्थेत फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी जिचा पाया घातला, त्या प्रक्रियेचा स्वभाव ध्यानी घेतला म्हणजे त्यातील व्यवहारज्ञान उमगते. कोळशापासून अथवा नैसर्गिक वायूपासून मिळविलेले कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन लोखंडाच्या किंवा कोबाल्टच्या उत्प्रेरकावरून नेले असता कार्बनचे अणू एकामागून एक जोडले जाऊन शृंखला वाढू लागते, मात्र तिने कोठे थांबावे याचे फर्मान कोणालाही काढता येत नाही. पेट्रोलच्या किंवा डिझेलच्या बेताच्या शृंखला, कितीही तजवीज केली तरी, एकंदर मालाच्या निम्म्याही भरत नाहीत. मेणाला असा अटकाव नाही. शिवाय मेण वाढले की नको असलेला मिथेन घटतो. तेव्हा शृंखलेशी झगडत बसण्यापेक्षा तिला मनसोक्त वाढू द्यावे आणि मागाहून तोडावे, हाच मार्ग किफायतीचा ठरला.

तोडण्याच्या दोन रीती आहेत. मलेशियातील बिंटुलू येथे 1993 साली सुरू झालेल्या शेलच्या कारखान्यात पहिली रीत चालते: हायड्रोजनच्या दाबाखाली, 300 ते 350 अंश तपमानात, आम्लधर्मी उत्प्रेरकावर मेण फुटते. लांब शृंखला उत्प्रेरकाला अधिक चिकटून राहत असल्यामुळे आधी त्याच तुटतात, मध्यम शृंखला बहुतांशी बचावतात. आणि सरळ साखळीला फाटे फुटत असल्याने तयार डिझेल थंडीत सहजासहजी गोठत नाही.

दुसरी रीत पेट्रोलसाठी. 1942 साली अमेरिकेत बॅटन रूज येथे सुरू झालेल्या प्रवाही उत्प्रेरकी भंजनात सुमारे 500 अंशांवर उत्प्रेरकाची तप्त भुकटी काही क्षण तेलाची गाठ घेते. आज या भुकटीतील क्रियाशील घटक मुख्यत्वे झिओलाइट हे सच्छिद्र खनिज असते. या भुकटीवर कोक, म्हणजे कार्बनचा काळा थर, साचतो, तो हवेत जाळून भुकटी पुन्हा ताजी केली जाते, आणि त्याच जळण्याच्या उष्णतेवर सारे संयंत्र चालते; म्हणजे कोक हा येथे शत्रूही आहे आणि सरपणही. आता गंधक, धातू आणि बेंझीनवर्गीय रेणू यांचा मागमूस नसलेले कृत्रिम मेण या संयंत्रात घातले, तर ते उत्तम फुटते खरे, पण कोक इतका थोडा साचतो की उष्णतेच्या जमाखर्चात तूट येते आणि ती भरून काढण्यासाठी मेण आधीच अधिक तापवावे लागते किंवा बाहेरून इंधन जाळावे लागते. निर्मळपणाबद्दल दंड भरावा लागल्याचे असे उदाहरण रसायनशास्त्रात विरळाच!

गुणांच्या बाबतीत या मालाविषयी तक्रारीला जागा नाही. आपल्याकडील डिझेलचा सीटेन अंक, म्हणजे इंजिनात ते किती चटकन पेटते याचे माप, किमान 51 असावा असा दंडक आहे. मेणापासूनच्या डिझेलचा तो 70 च्या वर जातो आणि गंधक जवळपास शून्य असते. कतारमधील, नैसर्गिक वायूपासून अशीच इंधने बनविणाऱ्या पर्ल प्रकल्पाची क्षमता रोज 1,40,000 बॅरल द्रव पदार्थांची आहे, आणि स्वस्त वायू दाराशी असल्यामुळे मेणाचा हा खटाटोप तेथे शोभतो. कोळशाचा मामला निराळा: त्यापासूनच्या डिझेलचा खाणीपासून गाडीच्या धुरापर्यंतचा कार्बन डायऑक्साइड खनिज तेलाच्या डिझेलहून सुमारे दुप्पट भरतो. तो कोंडून ठेवण्याची सोय असल्याखेरीज कोळशाच्या मेणावर सरकारी पैसा लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.