‘गणितच का?’ अर्जातल्या त्या रिकाम्या चौकोनात काय लिहाल?

कॉलेजचा अर्ज भरताना नाव, जन्मतारीख, मार्क सगळं पटापट भरून होतं. मग येतो तो रिकामा चौकोन: ‘तुम्हाला हाच विषय का शिकायचा आहे?’ गणित घेणाऱ्या मुलांना तर हा प्रश्न कॉलेजच्या आधी घरातच ऐकावा लागतो. आत्या विचारते, मामा विचारतो. आणि बहुतेक जण लिहितात, ‘मला लहानपणापासून गणिताची आवड आहे.’

मी इंग्रजीत बीए केलं. माझ्या अर्जात ‘लहानपणापासून वाचनाची आवड’ असं होतं. खोटं नव्हतं, पण वाचणाऱ्याला त्यातून माझ्याबद्दल काय कळलं असेल? काहीच नाही.

आता एक खरं पत्र बघा. तंजावूरपासून साधारण 40 किलोमीटरवर कुंभकोणम आहे. श्रीनिवास रामानुजन तिथेच वाढले. 1904 साली तिथल्या सरकारी कॉलेजात त्यांना शिष्यवृत्ती मिळाली, पण गणितापुढे त्यांना दुसरं काही दिसेना. इंग्रजीत नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या कॉलेजातही परीक्षा सुटली नाही. 16 जानेवारी 1913 रोजी त्यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डींना पत्र लिहिलं. त्याआधी तिथल्याच दोन नामवंत गणितज्ञांकडून निराशा पदरी पडली होती.

पत्राची सुरुवात अगदी साधी आहे. मी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात कारकून आहे, पगार वर्षाला 20 पौंड. विद्यापीठाचं शिक्षण झालेलं नाही. शाळा सुटल्यापासून मोकळा वेळ गणितात घालवतो. एवढं सांगून पुढे पानंच्या पानं सूत्रं! गणित किती आवडतं हे पटवायला त्यांनी विशेषणं वापरली नाहीत, केलेलं काम समोर ठेवलं. त्यात चुकाही होत्या. मूळ संख्यांबद्दलचा त्यांचा मोठा दावा पुढे टिकला नाही. वयही त्यांनी 23 च्या आसपास लिहिलं, खरं होतं 25. (हे मात्र तुम्ही करू नका, आधार कार्ड जोडायचं असतं.) तरीही 8 फेब्रुवारीला हार्डींचं उत्तर निघालं: आणखी पाठवा, सिद्धताही पाठवा. पुढच्या वर्षी रामानुजन बोटीने इंग्लंडला निघाले.

‘पण आम्ही कुठे रामानुजन?’ असं म्हणाल. बरोबर आहे. तुम्हाला नवीन सूत्र शोधायचं नाहीये. तुम्हाला छळलेला एक प्रश्न पुरे, आणि तो घराच्या दारातही सापडतो.

तंजावूरच्या गल्ल्यांत सकाळी दारापुढे कोलम काढतात, म्हणजे आपली ठिपक्यांची रांगोळी. त्यात ‘सिक्कु कोलम’ असतो. रेषा ठिपक्यांमधून तिरकी जाते, कडेला पोचली की वळते आणि फिरून सुरुवातीला येते. 3 ओळी, प्रत्येकीत 4 ठिपके घ्या. सगळे ठिपके एकाच रेषेत गुंफले जातात. आता 3 ओळींत 3-3 ठिपके घ्या. तीन वेगवेगळ्या रेषा लागतात! 4 ओळींत 6-6 घेतले तर दोन. काही दिसतंय? रेषांची संख्या म्हणजे त्या दोन आकड्यांचा मसावि. हो, शाळेत कंटाळत काढलेला तोच मसावि. 1970 च्या दशकात चेन्नईच्या गिफ्ट आणि राणी सिरोमनी यांनी कोलमवर संगणकशास्त्राच्या अंगाने संशोधन केलं.

आता समजा एखाद्या मुलीने अर्जात लिहिलं: ‘आजीबरोबर कोलम काढताना कधी एक रेषा पुरते, कधी पुरत नाही, असं दिसलं. वहीत वीस आकृत्या काढल्या, मसाविचा अंदाज आला. पण तो नेहमीच खरा का, हे मला अजून सिद्ध करता येत नाही. ते शिकायला मला यायचं आहे.’ या चार ओळींत ‘आवड’ हा शब्द एकदाही आलेला नाही. आणि जिथे अडकलो तेही लिहायला लाजू नका. माझ्या मते सगळ्यात वजनदार वाक्य तेच असतं.

ब्रिटनला अर्ज करणार असाल तर 2026 च्या प्रवेशापासून एका सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न आहेत: विषय का निवडला, अभ्यासातून तयारी कशी झाली, शाळेबाहेर काय केलं. तिन्ही मिळून मर्यादा 4000 अक्षरांची, मोकळ्या जागा धरून. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी मात्र प्रवेश परीक्षाच महत्त्वाची, तिथे निबंधावर भिस्त ठेवू नका. एखाद्या विषयात मार्क कमी असतील तर एका वाक्यात सरळ सांगा. रामानुजननी पदवी नसल्याचं लपवलं नव्हतं.

राहिला मामांचा प्रश्न: ‘गणित करून पुढे काय?’ त्यांना कुंभकोणमच्याच सर टी. माधवरावांबद्दल सांगा. 1828 साली तंजावूरकडच्या मराठी घराण्यात जन्म, मद्रासमध्ये शिक्षण, गणितात हुशार. काही काळ गणित शिकवलं, मग हिशेब खात्यात नोकरी आणि पुढे त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण!

अर्जाचा पहिला मसुदा झाला की ‘लहानपणापासून’ने सुरू होणारं वाक्य खोडा आणि उरलेलं घरात कुणाला तरी वाचायला द्या. वाचून त्यांनी कागद-पेन्सिल मागितली, तर अर्ज पाठवायला हरकत नाही.