नदीकाठची शेती आणि समुद्रातील जेली

समुद्राच्या पाण्याबरोबर वाहत राहणाऱ्या जीवांना ‘प्लवक’ असे म्हणतात. त्यांपैकी वनस्पतिप्लवक सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न तयार करतात. प्राणिप्लवक त्या वनस्पतींवर किंवा एकमेकांवर जगतात. प्राणिप्लवकांत पारदर्शक, लिबलिबीत शरीराच्या प्राण्यांचा एक मोठा गट आहे. जेलीफिश हा त्यांतील सर्वांच्या परिचयाचा प्राणी होय. या प्राण्यांच्या शरीरात शेकडा ९५ हून अधिक पाणी असते. त्यामुळे थोड्या अन्नावर त्यांचा आकार झपाट्याने वाढतो. समुद्राची स्थिती बदलली म्हणजे मासे मागे पडतात आणि हे प्राणी पुढे सरसावतात. काळ्या समुद्रातील घडामोडी हे याचे बोलके उदाहरण आहे.

नद्यांनी वाहून आणलेले खत

डॅन्यूब ही नदी जर्मनीत उगम पावून दहा देशांतून वाहत काळ्या समुद्रास मिळते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्या खोऱ्यात रासायनिक खतांचा वापर वाढला. पिकांनी न घेतलेले नत्र व स्फुरद, तसेच शहरांचे सांडपाणी, नदीवाटे समुद्रात जाऊ लागले. वनस्पतिप्लवकांची बेसुमार वाढ झाली. ते मरून तळाशी कुजू लागले, तेव्हा त्या क्रियेत पाण्यातील प्राणवायू खर्ची पडला. १९७० नंतरच्या दशकात समुद्राच्या वायव्य भागात तळाचे जीव मोठ्या प्रमाणावर गुदमरून मरू लागले. याच सुमारास अतिरेकी मासेमारीने मोठे शिकारी मासेही कमी झाले होते. प्राणिप्लवक खाणारे वाटेकरी अशा रीतीने घटत गेले.

परका पाहुणा

जहाज रिकामे असताना त्याचा तोल राखण्यासाठी टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेतात आणि माल चढविताना ते सोडून देतात. अशाच पाण्यातून १९८० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत ‘नेमिऑप्सिस’ हा अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील प्राणी काळ्या समुद्रात आला असावा, असे मानले जाते. तो दिसण्यास जेलीफिशसारखा असला तरी दंश करीत नाही. फणीच्या दात्यांसारख्या सूक्ष्म केसांच्या आठ ओळी हलवून तो पोहतो. त्याच्या एकाच देहात नर व मादी यांची इंद्रिये असतात आणि एक प्राणी दिवसाला हजारो अंडी घालू शकतो. कमी-अधिक क्षारता व प्राणवायूची टंचाई तो सहन करतो. उपासमार झाल्यास त्याचे शरीर आकसते. अन्न मिळताच ते पुन्हा वाढते. पाणी उबदार असेल तर त्याची पैदास वेगाने होते आणि कडक हिवाळ्यात संख्या घटते.

१९८९ च्या सुमारास या प्राण्याने काळा समुद्र अक्षरशः व्यापला. माशांचे अन्न असलेले प्राणिप्लवक त्याने फस्त केलेच, शिवाय माशांची अंडी आणि पिलेही खाल्ली. तुर्कस्तानात मांदेलीच्याच कुळातील अँचोव्ही माशाचे उत्पादन १९८८ मध्ये तीन लाख टनांच्या जवळपास होते. १९९० मध्ये ते एक लाख टनांच्याही खाली आले. या घसरणीत अतिरेकी मासेमारीचाही वाटा होता. परंतु किनाऱ्यावरील हजारो मच्छीमार कुटुंबांना त्याचे परिणाम भोगावे लागले.

समुद्र सावरला कसा?

१९९० नंतर पूर्व युरोपातील देशांच्या अर्थव्यवस्था कोलमडल्या आणि खतांचा वापर एकाएकी घटला. नदीवाटे येणारी पोषकद्रव्ये कमी होऊ लागली. पुढे १९९७ मध्ये ‘बेरोई’ हा दुसरा जेलीसदृश प्राणी काळ्या समुद्रात आढळला. तो मुख्यतः नेमिऑप्सिसच खातो. त्यानंतर नेमिऑप्सिसची भरती उन्हाळ्याच्या अखेरीच्या थोड्या काळापुरती मर्यादित झाली. प्राणिप्लवकांची व माशांची स्थिती सुधारली. तथापि हा प्राणी नाहीसा झालेला नाही. उलट, १९९९ पासून तो शेजारच्या कॅस्पियन समुद्रातही पसरला आणि तेथील मासेमारीसही त्याची झळ पोहोचली.

मुंबईशी असलेला संबंध

जहाजांच्या पाण्यातून होणारी अशी आयात रोखण्यासाठी २००० ते २००४ या काळात एक जागतिक कार्यक्रम राबविण्यात आला. त्याच्या सहा प्रायोगिक बंदरांत काळ्या समुद्रावरील ओडेसाबरोबर मुंबईचाही समावेश होता. या पाण्यासंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये संमत झाला व ८ सप्टेंबर २०१७ पासून अंमलात आला.

बंदरावरील दक्षता आवश्यक आहेच. परंतु ती एकटी पुरेशी नाही. परक्या प्राण्याला काळ्या समुद्रात थारा मिळाला, तो तेथील पाणी आधीच बिघडले होते म्हणून. डॅन्यूबच्या वरच्या खोऱ्यातील शेतकऱ्याला समुद्राचे दर्शनही झाले नसेल. तरीही त्याच्या शेतातील वाया गेलेले खत कोळ्याच्या जाळ्यापर्यंत पोहोचले. सह्याद्रीतून अरबी समुद्राकडे धावणाऱ्या नद्यांचा मार्ग तर त्याहून कितीतरी आखूड आहे. माती परीक्षणानुसार बेताने दिलेले खत आणि प्रक्रिया करूनच नदीत सोडलेले सांडपाणी हे गावाच्या हिताचे आहेच. त्यात किनाऱ्यावरील मच्छीमाराच्या उपजीविकेचे रक्षणही सामावलेले आहे.